नायकाला जामीन हवाच

अमिरातीतील आमच्या मराठी मंडळींत, विशेषतः अभियांत्रिकी, संगणक आणि हिशेबनिशी या व्यवसायांत मुरलेल्या आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत इंग्रजी विज्ञानमालिका ओळीने पाहून त्यांवर अधिकारवाणीने अभिप्राय देणाऱ्या वर्गात, एक मत अलीकडे इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही आणि ते मांडणाऱ्यालाही तो देण्याची गरज भासत नाही. ते मत असे : 'डॉक्टर हू' या मालिकेचा नायक स्वयंपूर्ण आहे. काळ आणि अवकाश या दोहोंत संचार करणारे यान त्याच्या ताब्यात आहे, शेकडो वर्षांचे आयुष्य त्याच्या गाठीशी आहे, मृत्यू समोर उभा राहिला तर जुने शरीर टाकून नवे धारण करण्याची सिद्धी त्याच्यापाशी आहे. अशा थोर प्रवाशाच्या मागे लंडनमधल्या दुकानातली एखादी विक्रेती, एखादी वार्ताहर, कचेरीतली एखादी हंगामी कारकून कशासाठी लावून द्यायची? ती प्रश्न विचारते म्हणून कथा रेंगाळते, संकटात सापडते म्हणून कथा भरकटते, आणि निरोप घेते म्हणून कथा रडवेली होते. सबब हे सहप्रवासी बरखास्त करावेत, नायकाला एकट्याला मोकळा सोडावा, म्हणजे शुद्ध विज्ञानकथा तेवढी शिल्लक राहील, अशी ही दरखास्त आहे.

हे मत मला चुकीचे वाटते, आणि त्याहून अधिक, ते घातक वाटते. एखाद्या मालिकेची आवडनिवड एवढ्यापुरते ते असते तर त्यावर शाई खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु या मताच्या बुडाशी पराक्रमाविषयीची एक विशिष्ट समजूत दडलेली आहे : मनुष्य जितका एकटा तितका मोठा, आणि ज्याला सोबत लागते तो त्या प्रमाणात उणा. ही समजूत घेऊन माणसे मुले वाढवतात, नोकरीत वरिष्ठ होतात आणि आपल्या यशाचा इतिहास सांगतात. म्हणून तिचा समाचार घेणे भाग आहे.

प्रथम मूळ पाहू. कारण सहप्रवासी हे मागाहून चिकटवलेले ठिगळ आहे असे गृहीत धरूनच हा सारा युक्तिवाद चालतो. मालिकेचा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला. सिडने न्यूमन यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, निर्मिती व्हेरिटी लँबर्ट यांनी केली, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन केले ते लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन या पंचविशीतल्या तरुणाने. त्या पहिल्या भागात प्रेक्षक कोणाचा हात धरून आत शिरतो? डॉक्टरचा खचित नव्हे. इतिहास शिकवणारी बार्बरा राइट आणि विज्ञान शिकवणारा इयान चेस्टरटन हे दोघे शिक्षक आपल्या एका विलक्षण विद्यार्थिनीच्या काळजीपोटी तिच्या पत्त्याचा माग काढीत भंगाराच्या एका आवारात जातात. तेथे त्यांना पोलिसांची निळी पेटी दिसते, आणि पेटीपाशी एक तिरसट, संशयी, कोणावरही विश्वास न टाकणारा म्हातारा भेटतो. तोच डॉक्टर. आपले बिंग फुटू नये एवढ्यासाठी तो या दोन निरपराध शिक्षकांना यानासकट पळवून अश्मयुगात नेऊन टाकतो. आणि तेथे काय घडते? रानातून जीव घेऊन पळत असताना जखमी होऊन पडलेला एक आदिमानव वाटेत आडवा येतो, त्याच्यामुळे खोळंबा होतो, आणि विल्यम हार्टनेलचा तो डॉक्टर एक अणकुचीदार दगड उचलतो. इयान त्याचे मनगट धरतो आणि हे काय चालले आहे असा जाब विचारतो. म्हातारा काहीतरी सबब पुढे करतो. दगड मात्र खाली जातो.

पुढे साठ वर्षे ज्याच्या करुणेची आणि शस्त्रावाचून जिंकण्याच्या व्रताची कीर्ती गायली गेली, त्या नायकाचा आरंभ हा असा आहे. तो नायक म्हणून जन्मलाच नाही. एका शाळामास्तराने मनगट धरले तेथून तो नायक होऊ लागला. मग ज्यांनी त्याला घडवले त्यांनाच त्याच्या मार्गातील धोंड म्हणणे ही कोणती रसिकता? पुढे १९८९ साली बंद पडलेली ही मालिका २६ मार्च २००५ रोजी रसेल टी. डेव्हिस यांनी पुन्हा सुरू केली तेव्हा नव्या पिढीसाठी लिहिलेल्या पहिल्या भागाला त्यांनी नाव दिले 'रोझ'. दुकानात काम करणाऱ्या त्या मुलीचे नाव, नायकाचे नव्हे. दोन वेळा ही कथा शून्यातून मांडावी लागली, आणि दोन्ही वेळा तिचे दार सहप्रवाशानेच उघडले. याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणणाऱ्याने आणखी एखादा योगायोग पुढे आणून दाखवावा.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की सहप्रवासी हा केवळ प्रश्न विचारण्याची सोय आहे. डॉक्टरला जे प्रेक्षकांना सांगायचे ते वदवून घेण्यासाठी ठेवलेले बुजगावणे आहे. या आक्षेपात प्रश्नाविषयी जी तुच्छता आहे तिचे मला मराठी माणसाच्या तोंडी विशेष आश्चर्य वाटते. ज्या परंपरेत परीक्षिताने विचारल्यावाचून शुकमुनी बोलत नाहीत, अर्जुन गळाठल्यावाचून गीता सुरू होत नाही, आणि श्रोत्यांशी संवाद केल्यावाचून ज्ञानदेव चार पावले पुढे जात नाहीत, त्या परंपरेत वाढलेल्याने विचारणाऱ्याला फालतू ठरवावे? प्रश्न हा उत्तराची पातळी ठरवतो. शिवाय या मालिकेत सहप्रवासी प्रश्न विचारतो त्याहून मोठे काम साक्षीचे करतो. १९६६ साली हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, आणि नायकाचे शरीरच बदलून पॅट्रिक ट्राउटन या सर्वस्वी निराळ्या दिसणाऱ्या नटाला त्याच्या जागी आणण्याचा अपूर्व प्रयोग करण्यात आला. हा नवा इसम तोच डॉक्टर आहे हे प्रेक्षकाने कशावरून मानायचे? चेहरा निराळा, आवाज निराळा, वागण्याची तऱ्हाही निराळी. ते मानता आले, कारण यानात बेन आणि पॉली हे दोघे सहप्रवासी हजर होते. बेनने शंका घेतली, पॉलीने विश्वास टाकला, आणि त्या दोघांच्या वादातून घरी बसलेल्या लक्षावधी लोकांचा वाद मिटला. त्या दिवशी यानात डॉक्टर एकटा असता तर मालिका तेथेच संपली असती. कारण ज्याला ओळखणारे कोणी नाही त्याने आपण तेच आहोत असे कितीही सांगितले तरी ते सिद्ध कसे व्हावे?

दुसरा आक्षेप असा की सहप्रवासी, त्यातही स्त्रिया, किंचाळण्यापलीकडे आणि शत्रूच्या हाती सापडण्यापलीकडे काही करीत नाहीत. काही कथा अशा आहेत, हे खरे. पण तो दोष त्या कथा लिहिणाऱ्यांचा आहे. पात्रयोजनेच्या तत्त्वाचा नव्हे. गाणाऱ्याचा गळा बसला म्हणून रागच वर्ज्य करावा, असे कोणी म्हणत नाही. १९६४ सालच्या 'द अॅझ्टेक्स' या कथेत बार्बरेला मेक्सिकोतील लोक देवीचा अवतार मानतात, आणि हाती आलेला तो अधिकार ती नरबळीची चाल बंद पाडण्यासाठी वापरू पाहते. इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही असे डॉक्टर तिला बजावतो. दोघांपैकी बरोबर कोण? कथा याचा सोपा निकाल देत नाही, आणि म्हणूनच ती आजही पाहवते. बार्बरा तेथे नसती तर उरले काय असते? नियम ठाऊक असलेला एक म्हातारा, आणि डोळ्यांसमोर चाललेले नरबळी.

याच संदर्भात आपल्या अधिक जवळचे एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसारित झालेला, विनय पटेल यांनी लिहिलेला 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा भाग ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात घडतो. शेफील्डमध्ये वाढलेली यास्मिन खान ही सहप्रवासी तरुणी आपल्या आजीने दिलेल्या मोडक्या घड्याळाची कथा शोधायला निघते, म्हणून डॉक्टर तेथे जातो (या वेळी डॉक्टर स्त्री आहे, तेव्हा 'जाते' म्हणणेच योग्य). यास्मिनची मुसलमान आजी आणि प्रेम नावाचा हिंदू तरुण यांचे लग्न, नुकतीच आखली गेलेली सीमारेषा, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर उगारलेली बंदूक, हे सारे ब्रिटिश घरांच्या दिवाणखान्यात गेले ते एका सहप्रवासी मुलीच्या आजीमुळे. डॉक्टरला सारा काळ मोकळा आहे; पण ज्याला सारा काळ मोकळा आहे त्याला एका विशिष्ट दिवसाचे काय सोयरसुतक? सहप्रवाशाचे मात्र असते. त्याचे एक घर असते, एक आजी असते, एक फाळणी असते. कथेला जागा आणि तारीख देतो तो सहप्रवासी.

तिसरा आक्षेप करणारे आपल्याजवळ बिनतोड पुरावा आहे अशा थाटात दोन कथांची नावे घेतात. पहिली १९७६ ची 'द डेडली असॅसिन'. तेव्हा डॉक्टरची भूमिका करणाऱ्या टॉम बेकर यांना डॉक्टर एकटा पुरेसा आहे असे वाटे, आणि निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांनी ही एक कथा सहप्रवाशावाचून करून पाहिली. ठीक, पण १९६३ ते १९८९ या सव्वीस वर्षांत तसे पुन्हा का केले गेले नाही? आणि याही कथेत डॉक्टर आपल्याच ग्रहावरच्या कोतवालाला आणि दप्तरखान्यातल्या वृद्ध अधिकाऱ्याला सोबतीला घेऊन त्यांच्याशीच बोलत, त्यांनाच समजावीत पुढे जातो. पात्र काढून टाकले. त्याचे काम मात्र काढता आले नाही, ते दुसऱ्या दोघांच्या गळ्यात पडले. पुढच्याच कथेत लीला ही नवी सोबतीण आली.

दुसरी कथा २०१५ ची 'हेवन सेंट'. हिची थोरवी मी मनापासून मान्य करतो; पीटर कपाल्डी जवळजवळ एकट्याने तो सारा भाग पेलतात. हिऱ्याहून कठीण अशी वीस फूट जाडीची भिंत डॉक्टर मुठीने फोडीत राहतो, मरतो, पुन्हा जन्मतो, पुन्हा पहिल्यापासून त्याच भिंतीशी येतो, आणि असे साडेचार अब्ज वर्षे चालते. परंतु हे तो कोणासाठी करतो? नुकत्याच मरण पावलेल्या क्लॅरा या आपल्या सोबतिणीच्या शोकाने. संकटाच्या प्रत्येक क्षणी तो मनातल्या यानात शिरतो तेव्हा तेथे फळ्यावर खडूने प्रश्न लिहीत पाठमोरी कोण उभी असते? क्लॅराच. ज्या कथेचा कण न् कण सहप्रवाशाच्या अभावाने व्यापलेला आहे, ती कथा सहप्रवासी अनावश्यक असल्याचा दाखला म्हणून सादर करणे म्हणजे विराण्या वाचून विरहिणीला प्रियकराची गरज नव्हती असा निष्कर्ष काढण्यासारखे आहे.

एकाकी प्रतिभावंताचे चाहते याहूनही जुना एक दाखला देतात तो कॅप्टन नेमोचा. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, त्यामुळे समुद्राच्या पोटात आपले राज्य थाटून जगाकडे पाठ फिरवणारा हा पुरुष आपल्याला परका नाही. आणि तो तर बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या संगरात सर्वस्व गमावलेला. परंतु हे चाहते बहुधा पहिले पुस्तक वाचून थांबलेले असतात. १८७४-७५ मध्ये आलेल्या 'द मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीत वृद्ध नेमो मरणशय्येवर आहे, आणि त्या वेळी तो आपल्या मृत्यूचे कारण सांगतो ते हेच की मनुष्याला एकटे जगता येते असे आपण मानले. व्हर्नच्या लेखणीतून उतरलेल्या सर्वांत अभिमानी एकांतवाशाची ही कबुली आहे. तिच्यापुढे दिवाणखान्यातल्या मतांची काय मातब्बरी?

आता मी त्या भागाकडे येतो, ज्याचा आमच्या दुबईशी प्रत्यक्ष संबंध आहे, आणि जो येथील मंडळी केवळ आपली वाळू पडद्यावर दिसली या कौतुकाने पाहतात. ११ एप्रिल २००९ रोजी प्रसारित झालेल्या 'प्लॅनेट ऑफ द डेड' या विशेष भागाचे चित्रण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दुबईच्या वाळवंटात झाले. लंडनची एक दुमजली बस अवकाशातल्या विवरातून सॅन हेलिओस नावाच्या उजाड ग्रहावर जाऊन पडते अशी कथा. त्यासाठी खरीखुरी बस जहाजाने येथे आणली गेली, बंदरात तिचा वरचा मजला चेपला गेला, आणि लेखकांनी ते नुकसान विवरातून येताना झाले असे कथेतच सामावून घेतले. येथवरची हकीकत सर्वांना ठाऊक असते. पण त्या कथेचा मर्मबिंदू बस नव्हे. डेव्हिड टेनंटचा डॉक्टर त्या वेळी एकटा हिंडतो आहे. डोना या सोबतिणीची स्मृती पुसून तिला घरी सोडावे लागले, तिच्याआधी एकामागून एक सोबती दुरावले, आणि त्याने मनाशी निश्चय केला आहे की यापुढे कोणालाही बरोबर घ्यायचे नाही. वाळवंटातील सारे दिव्य पार पडल्यावर बसमधलीच एक प्रवासी, लेडी क्रिस्टिना, त्याच्याबरोबर येण्याची इच्छा बोलून दाखवते. धाडस, बुद्धी, हजरजबाबीपणा, कशातही ती उणी नाही. तो नकार देतो. म्हणजे आमच्या मित्रांच्या दरखास्तीवर दुबईच्या त्या कथेत मंजुरीचा शिक्का पडला, आणि स्वयंपूर्ण नायक मोकळा झाला.

त्याने त्या मोकळीकीचे काय केले? १५ नोव्हेंबर २००९ रोजी आलेल्या 'द वॉटर्स ऑफ मार्स' या पुढच्याच विशेष भागात याचे उत्तर आहे. २०५९ साल, मंगळावरचे पहिले मानवी ठाणे, त्याची प्रमुख अॅडिलेड ब्रुक. तिचा आणि तिच्या सहकाऱ्यांचा तेथे होणारा मृत्यू हा इतिहासातील अढळ बिंदू. त्या मृत्यूतून प्रेरणा घेऊन तिची नात पुढे ताऱ्यांकडे झेपावणार आहे. डॉक्टरला हे पुरते ठाऊक आहे. तो प्रथम पाठ फिरवून निघतो. मरणाऱ्यांचे आवाज कानी येत राहतात. आणि मग तो परततो, काळाचे नियम माझे आहेत आणि मी म्हणेन तसे ते वाकतील असे गर्जून तिघांना वाचवून लंडनच्या बर्फात आणून उभे करतो. दया म्हणून जे सुरू झाले ते क्षणार्धात सत्तेचा उन्माद होते. कोण महत्त्वाचे आणि कोण क्षुल्लक याची प्रतवारी तो उघड बोलून दाखवतो, आणि हे तू ठरवणार कोण या अॅडिलेडच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. ती घरात जाते आणि स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवते, कारण त्याचा हात धरायला तेथे दुसरे कोणी उरलेले नाही. १९६३ साली दगड उगारलेले मनगट धरणारा एक शिक्षक होता. २०५९ च्या मंगळावर, ज्याच्या हाती दगडाऐवजी साक्षात काळ होता, त्याच्याजवळ कोणीही नव्हते. शुद्ध, निर्भेळ, सहप्रवासीमुक्त नायक पाहण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी हा तास पुन्हा एकदा पाहावा आणि आपल्याला हवा होता तो हाच काय, हे सांगावे.

यावर असे म्हटले जाईल की ही लेखकांची करामत आहे. त्यांनी तसे लिहिले म्हणून तसे घडले. तर मग कल्पित सोडून प्रत्यक्षात येऊ, आणि त्यासाठी या देशाबाहेर जाण्याचीही आवश्यकता नाही. अल ऐनच्या जाहिली किल्ल्यात विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाच्या छायाचित्रांचे कायमचे दालन आहे. १९४६ ते १९४८ या काळात त्याने रुब अल खाली ही ओसाड वाळू दोनदा ओलांडली. पहिल्या खेपेस लिवाच्या सीमेपर्यंत आला, दुसऱ्या खेपेस थेट अबू धाबीला पोहोचला. सुधारणेला विटलेला, एकांताचा भोक्ता, जगातील अखेरच्या मोठ्या प्रवाशांपैकी एक अशी त्याची ख्याती. पण त्या दालनातील छायाचित्रे लक्षपूर्वक पाहा. त्यांत त्याचे अरब सोबती आहेत : बिन कबीना आहे, बिन घबैशा आहे. त्याच्या प्रवासाचे प्रसिद्ध पुस्तक १९५९ साली निघाले तेव्हा त्याने ते अर्पण केले ते याच दोघांना. आणि ही निव्वळ मैत्रीची गोष्ट नव्हती. त्या वाळवंटाचा कायदाच असा होता की एका टोळीच्या मुलुखातून परक्याला जायचे असेल तर त्या टोळीतील एखादा रफीक बरोबर असावा लागे. तो त्याचा जामीन असे. त्याच्या शब्दावर परक्याच्या जिवाची हमी उभी असे, आणि परक्याने आगळीक केली तर जाब त्याला द्यावा लागे. वाटेच्या आधी सोबती पाहावा, ही अरबांची म्हण याच अनुभवातून आलेली आहे. उंट कितीही उत्तम असो, बंदूक कितीही नवी असो, जामीन नसलेल्या माणसाला मुलूख बंद.

सहप्रवासी म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला सापडत नाही. डॉक्टर हा मर्त्य माणसांच्या मुलुखात शिरणारा परका आहे. त्याची आयुर्मर्यादा निराळी, त्याची सत्ता अमर्याद, आपल्या दुःखाचे माप त्याच्यापाशी नाही. कोणत्या हक्काने तो आपल्या शतकांत ढवळाढवळ करतो? रोझ, डोना, बार्बरा, यास्मिन यांच्यापैकी कोणीतरी त्याच्या शेजारी उभी राहून याची हमी मी देते असे म्हणते, त्या हक्काने. आणि हमी देणारा जसा परक्याला आत घेतो तसाच त्याला आवरतोही. हा जामीन काढून घेतला की जे उरते त्याला परचक्र म्हणतात, आणि डॉक्टरचे हाडवैरी डालेकही तेच करतात.

ज्यांना प्रत्यक्ष अंतराळाचा दाखला हवा आहे त्यांच्यासाठी तोही याच देशात आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी सुलतान अल नेयादी यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर पाऊल टाकले; अवकाशात चालणारे ते पहिले अरब. सुमारे सात तासांच्या त्या कामात स्टीफन बोवेन त्यांच्यासोबत होते, कारण स्थानकाबाहेर एकट्याने जाण्याचा प्रघातच नाही. जुलै २०१३ मध्ये लुका पार्मितानो यांच्या शिरस्त्राणात बाहेर असतानाच पाणी भरू लागले आणि नाकाडोळ्यांपर्यंत आले, तेव्हा शेजारी ख्रिस कॅसिडी होते, त्यांनी जवळ येऊन पाहिले, आणि काम तेथेच थांबवून दोघे परत फिरले. विज्ञानकथेला शुद्ध विज्ञान हवे म्हणून सोबती काढा म्हणणाऱ्यांनी विज्ञान करणारी माणसे काय करतात ते एकदा पाहावे. २११७ पर्यंत मंगळावर वसाहत उभारण्याचा संकल्प या देशाने २०१७ साली जाहीर केला आहे. तो काय एकेकट्या वीरांच्या भरवशावर?

खरे कारण वेगळे आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. हे मत मांडणारे बहुतेक गृहस्थ येथे सहकुटुंब आणि सुस्थितीत राहतात, आणि आपण शून्यातून एकट्याने वर आलो अशी त्यांची स्वतःविषयी धारणा असते. पहिल्या महिन्याचे भाडे ज्याने भरले तो खोलीतला सोबती, नोकरी सोडून मागून आलेली पत्नी, गावाकडे आजाऱ्याची उशी धरून बसलेला धाकटा भाऊ, या सर्वांना आपल्या चरित्रातून वगळल्यावरच हा एकटा नायक तयार होतो. आणि मग तसाच नायक पडद्यावरही हवासा वाटतो. ज्यांचा एकटेपणा खरा आहे ते हे मत मांडीत नाहीत. कुटुंब आणण्याचा परवाना येथे पगाराच्या अटीला बांधलेला आहे. ती अट ज्यांना पुरी करता येत नाही ते सोनापूरच्या कामगार वसाहतीत, सतव्यात, देऱ्यात एका खाटेपुरती जागा घेऊन वर्षानुवर्षे राहतात. एकट्याने मनुष्य मोठा होतो असे त्यांच्यापैकी कोणाला जाऊन सांगण्याची आमच्या मित्रांची छाती आहे काय?

एकच आक्षेप उरतो : हजार वर्षे जगलेल्याला विशीतली पोर काय शिकवणार? हा प्रश्न महाराष्ट्रात तरी विचारला जाऊ नये. चौदाशे वर्षांच्या तपाचा ताठा घेऊन आलेल्या चांगदेवाला गुरू लाभली ती मुक्ताबाई, आणि ती तेव्हा लहान मुलगी होती. खुद्द ज्ञानदेव लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन दार लावून एकटे बसले, तेव्हा ताटीबाहेरून त्यांना परत माणसांत बोलावणारीही तीच. जे जगले फार त्यांना आठवण करून द्यावी लागते, आणि ती ज्यांच्याजवळ वेळ थोडा आहे तेच करून देऊ शकतात. उलट दीर्घायुष्य अधिक एकाकीपणा या जोडीला आपल्या व्यासांनी काय मानले? पांडवांच्या पोरांना झोपेत कापून काढणाऱ्या अश्वत्थाम्याला मृत्युदंड न देता श्रीकृष्णाने तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप दिला, आणि त्या शापात घोर भाग हा की या सर्व काळात त्याला कोणी सोबती मिळणार नाही, कोणाशी बोलता येणार नाही. आमचे मित्र डॉक्टरला जे बक्षीस म्हणून देऊ पाहतात ते महाभारतात सर्वांत अधम कृत्याची सजा म्हणून आले आहे.

दुबईच्या वाळूत केलेला तो एकटेपणाचा निश्चय कोठे जाऊन संपला, हेही आमच्या मित्रांना सांगितले पाहिजे. त्याच बसमध्ये कार्मेन नावाच्या एका प्रवासी स्त्रीने डॉक्टरला भविष्य सांगितले होते : तो चार वेळा दार ठोठावेल, आणि मग तुझा अंत. १ जानेवारी २०१० च्या भागात सारे शत्रू हरल्यावर, आपण वाचलो असे डॉक्टरला वाटत असताना, चार टकटक ऐकू येतात. ठोठावणारा कोणी दैत्य नसतो. डोनाचा म्हातारा आजोबा विल्फ्रेड किरणोत्साराच्या काचेच्या खोलीत अडकलेला असतो, आणि त्याला बाहेर काढायचे तर डॉक्टरने स्वतः आत जायला हवे. मंगळावरचा उन्माद अद्याप पुरता उतरलेला नाही. अजून मी केवढे तरी करू शकलो असतो, या य:कश्चित म्हाताऱ्यासाठी मी जायचे काय, असा आक्रोश तो करतो. म्हाताराही त्याला निघून जायला सांगतो. अडवायला कोणी नाही, नियमाचा अडसर नाही, यान हाताशी आहे. स्वयंपूर्ण नायकाने करायचे ते करण्याची पूर्ण मुभा आहे. तो आत जातो. त्या खोलीत जाताना तो मोठा झाला की लहान, याचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याने सहप्रवासी बरखास्त करण्याची दरखास्त परत घ्यावी. आणि ज्याला देता येते, त्याच्यापाशी ती दरखास्त पुढे रेटण्याचे कारणच उरत नाही.